तीन टोले

फुकट मिळालेलं गाणं कुणाला बेसूर लागत नाही. मिस्त्रीला तर बावीस वर्षांत एकदाही लागलं नव्हतं.

त्याचं घर म्हणजे पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि बाजूला पुढे आलेली गॅलरी. या इमारतीच्या मागच्या भिंतीला पाठ टेकवून कुणा दीडशहाण्या इंजिनियरने खुला रंगमंच बांधला होता. सिमेंटचा चौथरा, वर लोखंडी कमान, समोर दोन हजार खुर्च्या. कमानीचे गर्डर थेट या भिंतीत रोवलेले. आठवड्यातून तीनदा तिथे कार्यक्रम व्हायचा. खुर्च्यांवरच्या लोकांना गाणं समोरून ऐकू यायचं, मिस्त्रीला पाठीमागून. गायकाचा आवाज आधी लांब जायचा, तिकडच्या कंपाउंडवर आपटायचा आणि दमून परत यायचा. ढोल मात्र कुठेच जायचा नाही, सरळ घरात शिरायचा. पण पाठीमागे राहण्याचे फायदेही होते. मोठमोठे गवई पडद्याआड कसे खाकरतात, वादकाच्या आईबापाचा कसा उद्धार करतात, टाळ्या कमी पडल्या की आत येऊन कुणावर डाफरतात, हे मिस्त्रीला तोंडपाठ. वर्कशॉपमध्ये डबा खाताना तो सांगायचा, "तुम्ही तिकीट काढून त्यांचं तोंड बघता. आम्ही ढुंगण बघतो. माणूस खरा तिकडूनच कळतो."

मिस्त्री वेल्डर होता. गेट, ग्रिल, जिन्याचे कठडे. दिवसभर ठिणग्या खाऊन संध्याकाळी घरी आला की तो हातपाय धुवायचा, गॅलरीत खुर्ची टाकायचा, कठड्यावर पाय ठेवून डोळे मिटायचा आणि हाक मारायचा, "अगं, बाहेर ये. बघ आज काय रंगलंय."

आतून उत्तर यायचं, "हात भरलेत."

बावीस वर्षं तिचे हात भरलेलेच होते. स्वयंपाकघराचं दार लावलेलं असायचं. धूर बाहेर येऊ नये म्हणून लावते, असं मिस्त्री समजून चालला होता. एकदा तो पाणी प्यायला आत गेला, तर ती ओट्याशी पाटावर बसलेली. गॅस बंद, डोक्याला कानांवरून ओला पंचा गुंडाळलेला. "डोकं चढलंय," ती म्हणाली. "गोळी घे की," असं म्हणून तो तांब्या घेऊन बाहेर आला. गाणं ऐन रंगात आलं होतं.

ती सूतगिरणीत होती. सव्वीस वर्षं एकाच खात्यात, एकाच रांगेतल्या साच्यांवर, सूत कातायच्या यंत्रांवर. तिथे शेजारचा माणूस कानाशी येऊन बोंबलला तरी कळत नाही. सगळं बोलणं हातवाऱ्यांनी आणि ओठांवरून. त्यामुळे घरीही ती कमीच बोलायची. मिस्त्री चारचौघांत मिरवायचा, "आवाज सगळा भिंतीपलीकडून येतो. बायकोचा येत नाही. एवढं नशीब कुणाचं आहे?"

मग मागच्या वर्षी एका सकाळी ती मोरीत पडली. उजवं अंग गेलं, वाचा गेली. दवाखान्यातून घरी आणली तेव्हा तिच्याकडे एक डावा हात आणि 'बा' एवढं एक अक्षर शिल्लक होतं. डॉक्टर म्हणाले, तिला कळतं सगळं, पण मानेवर जाऊ नका. 'हो'ला 'नाही' होईल आणि 'नाही'ला 'हो'. आणि तसंच व्हायचं. चहा हवा का विचारलं की ती मान झटकून 'नाही' म्हणायची आणि डाव्या हाताने कप ओढून घ्यायची.

दुसऱ्याच आठवड्यात ती पलंगावरून खाली पडली. त्याने वर्कशॉपचं काम सोडलं, इमारतीच्या आवारात पत्र्याखाली स्वतःचं वेल्डिंग मशीन मांडलं आणि पहिलं काम केलं ते बायकोच्या खाटेचं. दीड इंची पाइप, दोन्ही बाजूंना कठडा, सांधे असे भरलेले की बोट फिरवलं तर उंचवटा लागू नये. आतल्या खोलीत एका बाजूला दार, एका बाजूला खिडकी, एका बाजूला कपाट. उरली मागची भिंत. खाट डगमगू नये म्हणून त्याने डोक्याकडची चौकट त्या भिंतीत आरपार चार बोल्ट घालून आवळली. आवळताना शेवटचा आटा बसला तेव्हा भिंतीतलं लोखंड लागल्याचा आवाज आला. मिस्त्री खूश झाला. याहून भक्कम आधार कुठे मिळणार? खाली उतरून त्याने सगळ्यांना सांगितलं, "हत्ती झोपवा, हलली तर मिशी काढीन."

त्यानंतरच्या पहिल्या कार्यक्रमाला ते घडलं. मिस्त्री सवयीने गॅलरीत बसला होता. आतून आवाज आला. टक टक टक. थोडं थांबून पुन्हा, टक टक टक. तो धावत आत गेला. बायको डाव्या हातातल्या अंगठीने पाइपवर ठोके देत होती. डोळे मोठे झालेले, त्याच्यावर रोखलेले, कडेने पाणी ओघळत होतं. पलीकडे ढोल चालला होता. तीन ठोके, उसंत, तीन ठोके.

मिस्त्री दारातच उभा राहिला.

"अगं," तो म्हणाला, "तू ताल धरतेस?"

ती आणखी जोरात ठोकायला लागली. मिस्त्री रडला. त्याने खिडकी सताड उघडली, खुर्ची आत ओढून तिच्याजवळ बसला आणि स्वतःच्या मांडीवर तिच्याबरोबर ठेका धरला. बावीस वर्षांत पहिल्यांदा दोघांनी मिळून गाणं ऐकलं, असं त्याने दुसऱ्या दिवशी नळावर पाणी भरणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं. पुढे तो रिवाजच पडला. कार्यक्रम सुरू झाला की खिडकी उघडायची, खुर्ची ओढायची. ती जितकं जोरात ठोकायची तितका हा खुलायचा. कार्यक्रम संपला की तिचा हात गळून पडायचा आणि ती घामाने निथळून झोपी जायची. मिस्त्री म्हणायचा, औषधाने लागत नाही अशी झोप लागते.

लेक परगावी. तिला त्याने फोनवर ते ठोके ऐकवले. लेक म्हणाली, "बाबा, पण आईला गाणं कुठे आवडायचं?"

"आवडायचं नाही असं कोण म्हणतं?" मिस्त्री म्हणाला. "वेळ कुठे होता तिला?"

खालच्या मजल्यावर, त्याच भिंतीला, पोस्टातून रिटायर झालेले मास्तर राहायचे. त्यांच्या फळीवरून कपबशा खाली येऊन फुटायच्या. त्यांच्या मंडळींना झोप नव्हती. ढोलाच्या स्पीकरचे खोके भिंतीपासून हलवा आणि आठला गाणं आटपा, एवढंच मागणं घेऊन मास्तरांनी अर्ज केला. रंगमंचाला परवाना देणाऱ्या साहेबाने सुनावणी लावली. भिंतीला चार घरं, चौघांचं म्हणणं घेणार. तीन घरांच्या सह्या झाल्या आणि मास्तर वर आले.

"तुमच्याकडे आजारी माणूस आहे, मिस्त्री. तुमची एक सही आमच्या तिघांना भारी आहे."

मिस्त्रीने त्यांना आत नेलं. दुपारची वेळ, पलीकडे संध्याकाळच्या कार्यक्रमाची तयारी चालू होती, ढोल वाजवून पाहत होते. खाटेवर ठोके चालू होते.

"जन्मभर लोकांची पत्रं वाटलीत, मास्तर," मिस्त्री म्हणाला, "पण पाकिटाच्या आत काय असतं ते तुम्हाला कधी दिसलं नाही. बघा आता."

मास्तरांनी बराच वेळ पाहिलं. "मला ताल कळत नाही," ते म्हणाले. "पण तिचा चेहरा बघा हो."

"बघतोय की. चार महिन्यांत पहिल्यांदा जिवंत दिसतोय."

मास्तर जिना उतरले. ही गोष्ट भिंतीपलीकडे जायला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी रंगमंचाचा मॅनेजर फुलं घेऊन आला. बावीस वर्षांत त्याने या घरांकडे मान वर करून पाहिलं नव्हतं. आता त्याने चपला बाहेर काढल्या, मिस्त्रीच्या खांद्यावर हात ठेवला, बायकोला 'माउली' म्हटलं. बरोबर कॅमेरावाला होता. त्याने खाट पाहिली, अंगठी पाहिली, पडद्याचा रंग चांगला नाही म्हणून पडदा काढायला लावला. पण त्या दिवशी ढोल बेताचाच चालला होता आणि ठोके हळू पडत होते. मॅनेजरने खिडकीत जाऊन खालच्या माणसाला फोन लावला. "जरा वाढव," तो म्हणाला. "अजून. हां."

ढोल वाढला. ती ठोकू लागली. डोळ्यांना धार लागली. कॅमेरा अगदी जवळ गेला, इतका की त्याची काच तिच्या श्वासाने धूसर झाली आणि कॅमेरावाल्याने ती शर्टाच्या टोकाने पुसली. मॅनेजर दोनदा म्हणाला, वा. मिस्त्रीही म्हणाला, वा.

सुनावणीत मास्तरांनी मोजून सात मिनिटं फुटलेल्या कपबशांची आणि न लागलेल्या झोपेची हकिगत सांगितली. मग मॅनेजरने पडद्यावर तो व्हिडिओ लावला. साहेबाने चष्मा काढून डोळे टिपले. ज्या साहेबाचा बंगला गावाच्या दुसऱ्या टोकाला होता, त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मिस्त्रीला विचारलं, तुमचं काही म्हणणं? मिस्त्री उठला. बायकोने इस्त्री करून ठेवलेला शेवटचा शर्ट त्याने त्या दिवसासाठी घातला होता.

"साहेब," तो म्हणाला, "हे गाणं बंद केलंत तर माझी बायको मरेल."

ते लिहून घेतलं गेलं आणि खाली त्याची सही घेतली गेली. मास्तरांचा अर्ज निकालात निघाला. रंगमंचाला तीन वर्षांचा परवाना मिळाला आणि मागितले नव्हते तेवढे जास्तीचे दिवसही. महिन्याभरात मास्तरांनी बिऱ्हाड हलवलं. जाताना मिस्त्री सामान उचलायला गेला. मास्तर म्हणाले, "राहू द्या, हलकंच आहे. फुटायचं ते सगळं फुटलंय."

मॅनेजरने व्हिडिओ वाया जाऊ दिला नाही. प्रत्येक कार्यक्रमाच्या सुरुवातीला तो मोठ्या पडद्यावर यायचा. निवेदक दाटल्या गळ्याने सांगायचा, या भिंतीमागे एक माउली आहे, तिच्याबरोबर आपण ताल धरू या. आणि दोन हजार माणसं टाळ्या द्यायची. तीन टाळ्या, उसंत, तीन टाळ्या. भिंतीतून ते ऐकू यायचं. मिस्त्री बायकोच्या कानाशी वाकून म्हणायचा, "ऐकलंस? तुला आहे हे." ती त्याच्याकडे बघत राहायची. हल्ली हल्ली ती टाळ्या सुरू झाल्या की ठोके थांबवायची. मिस्त्रीला वाटायचं, लाजली.

अशाच एका दुपारी बॉबिन आली.

बॉबिन म्हणजे गिरणीतली तिची जोडीदारीण. बुटकी, गोल, सदा गरगर फिरणारी, म्हणून खात्यात तिला बॉबिन म्हणायचे. आणि मिस्त्रीची बायको उंच, म्हणून लंबी. गिरणी सुटल्यावर बॉबिन मुलाकडे गेली होती, तिला आजारपणाचं उशिरा कळलं. तिच्या डाव्या हाताला तीनच बोटं होती आणि दोन्ही कान निम्मेअधिक गेलेले. त्यामुळे ती घरातही मैदानात बोलावं तशी बोलायची.

"काय गं लंबे, कामचुकार," ती दारातूनच म्हणाली. "मी दोन बोटं देऊनसुद्धा पाळी भरली आणि तू पडून राहिलीस?"

बायकोच्या तोंडाची डावी बाजू हलली. गेल्या सात महिन्यांत मिस्त्रीने ती तशी हललेली पाहिली नव्हती. बॉबिन खाटेच्या कडेला बसली, कठड्यावर हात टाकला आणि खात्यातल्या कुणाचं काय झालं याची यादी सुरू केली. कोण मेलं, कोणाच्या सुनेने कोणाला हाकललं, मुकादमाचे दात कसे पडले आणि आता तो शिट्टी कशी वाजवत असेल. मिस्त्री चहा ठेवायला आत गेला. त्याने दूध ओतलं तेवढ्यात पलीकडे ढोलाची चाचणी सुरू झाली आणि खाटेवर ठोके पडू लागले. बॉबिनलाही आता दाखवू, असं मनाशी म्हणत तो कप घेऊन बाहेर आला.

बॉबिन उभी होती. तिला ढोल ऐकू आला नसावा, ठोकेही नसावेत. पण मघाशी तिचा हात कठड्यावर होता. ती भिंतीवर दोन्ही हातांनी चाचपडत होती. कपाटामागे, दाराच्या चौकटीशी, खिडकीखाली. तोंड पांढरंफटक.

"बटण कुठंय?" ती म्हणाली. "भावोजी, बटण कुठंय?"

"कसलं बटण, ताई?"

"बंद करा आधी. ती बंद कर म्हणतेय. कुणाचा तरी हात अडकलाय."

मिस्त्रीला हसू आलं. त्याने कप खाली ठेवले आणि तिच्या कानाशी जाऊन मोठ्याने सांगितलं की हात कुणाचा अडकलेला नाही, ती ताल धरते आहे, गाणं लागलंय पलीकडे, रोजचंच आहे हे, सगळ्या गावाने पाहिलंय.

बॉबिनने भिंतीवरचे हात काढले. ती त्याच्याकडे वळली आणि आपला डावा पंजा तिने त्याच्या डोळ्यांसमोर धरला.

"ताल?" ती म्हणाली. "खात्यात बोंबलून कुणाला ऐकू जात नाही. हात अडकला की हातात असेल ते लोखंड साच्यावर मारायचं. तीन, थांबून तीन. ज्याच्या हाताखाली थरथर लागेल त्याने बघायचं नाही, विचारायचं नाही, बटण दाबायचं. माझा हात गेला त्या दिवशी हिने मारले होते. म्हणून दोन बोटांवर निभावलं, नाहीतर खांद्यापर्यंत आत गेले असते."

मिस्त्री काहीतरी बोलायला गेला. बॉबिनने त्याचं मनगट धरलं आणि त्याचा पंजा खाटेच्या पाइपवर ठेवला. "लावा हात. लावा."

सात महिन्यांत त्याने कार्यक्रम चालू असताना त्या कठड्याला हात लावला नव्हता. तो नेहमी खुर्चीत असायचा, मांडीवर ठेका धरून. पाइप गुणगुणत होता. ढोलाचा प्रत्येक घाव त्यातून सळसळत येत होता, तळव्यातून कोपरात, कोपरातून खांद्यात, आणि वर दाढांत. बिघडलेला ग्राइंडर हातात धरावा तसं. चार घावांत त्याचा पंजा बधिर झाला. त्याने हात काढला नाही. वेल्डरला लोखंडाची वाट दिसते, ती त्याला आता दिसली. ढोलाखालचा चौथरा, चौथऱ्यातून कमान, कमानीचा गर्डर, गर्डर भिंतीत, भिंतीत त्याने स्वतः आवळलेले चार बोल्ट, बोल्टातून चौकट, चौकटीतून कठडा, आणि कठड्यांच्या मधे जिला कूस बदलता येत नाही अशी त्याची बायको. एकही सांधा ढिला नव्हता. त्याचं कामच तसं होतं.

बॉबिन खाटेवर वाकली. तिने तिन्ही बोटं बायकोच्या डोळ्यांपुढे धरली, पंजा आडवा करून खाली दाबला, गिरणीत करत असतील तसा, आणि म्हणाली, "कळलं गं लंबे. बंद करायचं. कळलं."

बायकोचा हात पाइपवरून खाली आला आणि चादरीवर पडून राहिला. तिने डोळे मिटले. ढोल चालूच होता.

तेव्हा मिस्त्रीला आठवलं. या घरात राहायला आल्याला दोन महिने झाले असतील. कामावरून येऊन ती चपलाही न काढता उभी होती. म्हणाली होती, "अहो, आपण दुसरीकडे खोली बघू या का? दिवसभर तेच, घरी आलं की तेच. डोक्यातून जात नाही हो." तो हसला होता. म्हणाला होता, "लोक यासाठी रांगा लावतात आणि तुला नको? करंटी कुठली." ती पुन्हा कधी बोलली नाही. आणि ती बोलत नाही हे तो बावीस वर्षं लोकांना कौतुकाने सांगत राहिला.

तो खाली उतरला, वळसा घालून रंगमंचावर गेला. मॅनेजर खुर्च्यांच्या रांगा लावून घेत होता. मिस्त्रीने त्याला सगळं सांगितलं. गिरणी, बॉबिनचा पंजा, पाइप. मॅनेजरने ऐकून घेतलं, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला की मिस्त्री, तुम्ही दमलेले आहात. एका बहिऱ्या बाईने काहीतरी सांगितलं आणि तुम्ही मनाला लावून घेतलंत. लोक तो व्हिडिओ बघून रडतात हो, आजारी माणसांचे नातेवाईक चिठ्ठ्या पाठवतात, त्यांची उमेद मोडायची का? बरं, साहेबापुढे सही तुमची. मग तो कुणाला तरी ओरडला की तिसरी रांग वाकडी आहे. मिस्त्रीने तिथूनच साहेबाच्या कचेरीत फोन लावला. कारकून चांगला होता, त्याने फाइल काढून वाचून दाखवली. 'गाणं बंद केलंत तर माझी बायको मरेल.' बाईचा नवरा स्वतःच असं म्हणाला असेल तर आता तीन वर्षांनी, परवान्याच्या वेळी, नवा अर्ज करा. आणि मधे काही झालं तर? मिस्त्रीने विचारलं. मधे काही झालं, तर तसं कळवा, कारकून म्हणाला.

परत आला तो ग्राइंडर घेऊनच. ऊन उतरलं होतं, खाली लोकांच्या गाड्या लागायला लागल्या होत्या. त्याने पंचा ओला करून पिळला आणि बायकोच्या डोक्याला कानांवरून गुंडाळला. गुंडाळताना त्याला कळलं की गाठ कुठे मारायची ते त्याला माहीत आहे. एकदाच पाहिली होती, पण नीट पाहिली होती. पाहून पाणी पिऊन निघून गेला होता.

"अजून एकदाच आवाज," तो तिला म्हणाला. "माझा. मग नाही."

तिने मान हलवली. हो की नाही, त्याने अर्थ लावला नाही. बॉबिनने तिच्या डोळ्यांवर हात ठेवला. मिस्त्रीने भिंत आणि चौकट यांच्या मधे पातं घातलं. चार बोल्ट कापायला वीस मिनिटं लागली, कारण बोल्ट त्याने निवडून आणलेले होते. ठिणग्या चादरीवर पडू नयेत म्हणून त्याने स्वतःची पाठ मधे घातली. शेवटचा बोल्ट तुटला तेव्हा खाट बोटभर खाली बसली. मग त्या दोघांनी ती फरफटत स्वयंपाकघरात नेली. दारातून जात नव्हती. मिस्त्रीने एका बाजूचा कठडा कापून टाकला आणि ती गेली. ओटा आणि मोरी यांच्या मधे, जिथे तिचा पाट असायचा, तिथे खाट जेमतेम बसली.

सात वाजले. निवेदकाचा गळा दाटला. पडद्यावर व्हिडिओ लागला असणार, कारण दोन हजार माणसं एकदम शांत झाली. आणि मग टाळ्या आल्या. तीन. थांबून तीन.

स्वयंपाकघरात त्या कमी ऐकू येत होत्या, पण येत होत्या. मिस्त्री बायकोच्या हाताकडे बघत होता. तिने हात उचलला नाही. तिची नजर छताला होती आणि चेहऱ्यावर काही म्हणजे काही नव्हतं. सांगून सांगून दमलेल्या माणसाचा असतो तसा तो चेहरा. लाजलेल्या माणसाचा तो कधीच नव्हता.

मिस्त्री उठला, आतल्या खोलीत गेला. भिंतीतून बोल्टांची चार थोटकं बाहेर आलेली होती. त्याने हातोडा उचलला आणि एका थोटकावर मारला. सगळं अंग घालून मारला. तीन. थांबला. तीन. भिंत हादरली, चुन्याच्या पोपड्या सुटल्या. पलीकडे गर्डर घणघणला असणार. बंद करा. तीन. कुणाचा तरी हात अडकलाय. तीन.

पलीकडच्या टाळ्या क्षणभर थांबल्या. मिस्त्रीने हातोडा हवेतच धरला.

मग निवेदकाचा आवाज आला, लांबच्या कंपाउंडवर आपटून, दमून, पण स्पष्ट. "ऐकलंत? भिंतीपलीकडून साद आलीय. माउलीने साद दिलीय." आणि ढोलवाल्याने ते तीन घाव उचलले, जसेच्या तसे, त्यात आपले दोन मिसळले, आणि दोन हजार माणसं उठून उभी राहिली असावीत, कारण पायाखालची फरशी थरथरायला लागली.

मिस्त्रीने हातोडा खाली ठेवला. खिडकी लावली, तिला काही अर्थ नव्हता तरी लावली. तो स्वयंपाकघरात आला. बॉबिन खाटेशी बसली होती, तीन बोटांत बायकोचा हात धरून. दोघींपैकी कुणी त्याच्याकडे पाहिलं नाही. बायकोला विचारायचं एक त्याच्या मनात होतं, पण मानेवर जायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि पाइपवरचं उत्तर आता त्याला कळलं असतं, म्हणून त्याने विचारलं नाही.

त्याने दार आतून लावलं आणि जमिनीवर बसून, स्वतःचे कान झाकण्यासाठी, दुसरा पंचा ओला केला.